मुसीच्या काठचं मराठी उपनगर : वस्तीची भाषा कशी ठरते?

(देवणी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला बसस्टँडवर गाठून विचारलं, "सर, देवणीत बसून हैद्राबादच्या गल्लीबोळांवर काय बोलणार? आन् तेही मराठीत?" प्रश्न रास्त आहे. देवणी म्हटलं की जगाला आपली गायबैलं आठवतात. पण तुमच्यापैकी ज्यांच्या घरात अजून जुनी पत्र्याची पेटी आहे, त्यांनी ती उघडून बघावी. आत उर्दूतला एखादा कागद, निजामाच्या शिक्क्याची एखादी नक्कल सापडेल. तो कागद हैद्राबादहून आलेला असतो. म्हणजे विषय तितका लांबचा नाही. तो तुमच्या पेटीत आहे.

आमच्या लहानपणी घरात "तिकडं" हा एक शब्द होता. "आजोबा तिकडं गेले होते", "ते तिकडं शिकले". तिकडं म्हणजे हैद्राबाद. पुणं-मुंबई नव्हे. आमच्या आजोबांचा जमिनीचा एक दावा वर्षानुवर्षं चालला. तारखेला ते हैद्राबादला जायचे. ते सांगायचे, "नदीच्या अल्याड उतरायचं, तिथं आपल्या भाषेत जेवाय मिळतं. पल्याड गेलं की कचेरी, आन् कचेरीत उर्दू." ही नदी म्हणजे मुसी. आणि अल्याड म्हणजे काचीगुडा, सुलतान बाजार, चादरघाट, गौलीगुडा, इसामिया बाजार. एका तेलुगू मुलखात, उर्दू राज्यकारभाराच्या राजधानीत, नदीकाठी वसलेलं मराठी बोलणारं उपनगर. ते तिथं कसं आलं, कशानं टिकलं आणि पुढं त्याचं काय झालं, एवढंच आज सांगायचं आहे. मात्र सांगताना एक प्रश्न मनात ठेवा : वस्तीची भाषा कोण ठरवतं?

नकाशा आधी नीट करून घेऊ

आपला आजचा नकाशा आमच्या वयापेक्षा लहान आहे. लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी आपण उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते, आणि बीदर हैद्राबाद राज्यात. त्या राज्यात साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, पाव हिस्सा मराठी, आणि दहाव्या हिश्श्याच्या आसपास कन्नड नि जवळपास तितकेच उर्दू. पण राज्यकारभाराची भाषा आधी फारसी, आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथंही शिकवण्याचं माध्यम उर्दूच. म्हणजे राज्यातल्या दहातल्या आठनऊ माणसांची घरची भाषा एक आणि अर्ज लिहायची भाषा दुसरी.

आता शहर बघा. मुहम्मद कुली कुतुबशहानं १५९१ मध्ये हैद्राबाद वसवलं ते मुसीच्या दक्षिण काठावर. चारमिनार तिकडं, तटबंदी तिकडं, पुढं हायकोर्टाची लाल इमारत तिकडं. उत्तर काठ म्हणजे वेशीबाहेरचा भाग. चादरघाटची नगरपालिकाही बराच काळ शहरापासून वेगळी होती. म्हणून आम्ही "उपनगर" हा शब्द वापरतो. तो आजच्या फ्लॅटच्या जाहिरातीतला नाही.

दोन काठ, दोन प्रकारचे मराठी लोक

हैद्राबादेत मराठी माणूस फार आधीपासून होता, आणि तो आधी होता दक्षिण काठावर, शालिबंड्याच्या बाजूला. निजामाच्या महसुलाची दोन मोठी दफ्तरं होती. त्यातलं दफ्तर-ए-दिवाणी पिढ्यान् पिढ्या राय रायां या मराठी घराण्याकडे होतं. त्यांच्याभोवती कारकून, मोडी वाचणारे, हिशेब जाणणारे लोक राहिले. हे लोक दरबाराचे होते. घरात मराठी, दफ्तरात फारसी, आणि दोन्हींत त्यांना अडचण नव्हती.

उत्तर काठावरची वस्ती वेगळी. ती दरबारानं आणलेली नव्हती. ती तीन गोष्टींनी आणली.

पहिली गोष्ट, कायदा. उत्तर काठावर इंग्रज रेसिडेंटची कोठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला किर्कपॅट्रिकनं बांधलेली. आजही त्या भागाला लोक कोटी म्हणतात, ते त्या कोठीवरून. कोठीभोवतीचा बाजार रेसिडेंटच्या ताब्यात. तिथं निजामाचे फौजदार चालत नसत. तुम्ही म्हणाल, त्यानं काय होतं? त्यानं पुष्कळ होतं. १९२९ साली निजाम सरकारनं गश्ती निशान ५३ काढली. सभा घ्यायची तर आधी परवानगी. गावात हरदासाला उभं करायचं म्हटलं तरी लोक बिचकायचे. रेसिडेन्सी बाजारात ही गश्ती लागू नव्हती. १८९२ ची आर्यसमाजाची शाखा सुलतान बाजारात, १९०१ सालचं तेलुगूंचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय तिथंच, आणि मराठी ग्रंथसंग्रहालय जवळच इसामिया बाजारात. हा योगायोग नाही. जिथं जमायला भीती नाही तिथं माणसं जमतात, आणि जमली की आपल्या भाषेत बोलतात. १९३३ साली हा बाजार निजामाला परत मिळाला, पण तोवर संस्थांनी मूळ धरलं होतं.

दुसरी गोष्ट, शाळा. १९०७ मध्ये विवेक वर्धिनी निघाली. तिच्यामागं केशवराव कोरटकर आणि वामन नाईक ही माणसं होती. कोरटकर परभणीकडचे, हैद्राबादेत वकील झाले, पुढं तिथल्याच हायकोर्टाचे न्यायमूर्ती. उर्दू राजधानीत मराठीतून शिकवणारी शाळा. आता बघा, माणूस नोकरीसाठी एकटा जातो, पण शाळा असेल तर बायकापोरांना नेतो. एकटा माणूस खोली घेतो, कुटुंब घर करतं. शाळेनं मराठी माणसाची खोली बदलून त्याला तिथं घर दिलं.

तिसरी गोष्ट, रेल्वे. मनमाडपासून जालना, परभणी, नांदेड करत हैद्राबादला जाणारी मीटरगेज विसाव्या शतकाच्या तोंडावर पुरी झाली. आणि १९१६ मध्ये काचीगुड्याचं स्टेशन उभं राहिलं. मराठवाड्याची गाडी तिथं थांबायची. परक्या शहरात माणूस पहिल्यांदा कुठं राहतो? जिथं उतरतो तिथून चालत जाता येईल तिथं. डोक्यावर वळकटी, हातात तुपाची बरणी, तो किती लांब जाणार? आपल्याकडची माणसं उदगीरहून बीदर, विकाराबादमार्गे नामपल्लीला उतरायची, पण टांगा मात्र काचीगुड्याकडंच वळवायची. कारण तोवर तिथं आपली खाणावळ होती.

कायदा, शाळा, रेल्वे. यात माती कुठंच नाही हे लक्षात घ्या. आपण म्हणतो, भाषा मातीतली असते. मुसीच्या काठची माती तेलुगू होती. वस्तीची भाषा आली ती येण्याजाण्याच्या वाटेवरून.

नदीनं काय केलं

नदीकाठची वस्ती म्हटली की पूर आलाच. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला जो पूर आला त्याची आठवण हैद्राबादेत अजून काढतात. पूल तुटले, अफजलगंज आणि कोळसावाडीच्या वस्त्या धुऊन गेल्या, अंदाजे पंधरा हजार माणसं गेली. आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे. त्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली असं सांगतात. विवेक वर्धिनी तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. नदी बांधली गेली, तेव्हा काठावर पक्की घरं, दवाखाना, कॉलेज बांधता आलं. पूर आला नसता तर हे शहर असं झालं नसतं. आणि पुरात माणूस शेजाऱ्याला भाषा विचारत नाही, हेही त्या झाडानं दाखवलं. पण तेरा वर्षांनी त्याच काठावर जे घडलं ते ऐका.

१९२१ ची हुर्यो

नोव्हेंबर १९२१. विवेक वर्धिनीत निजाम राज्यातली सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष कोण? महर्षी धोंडो केशव कर्वे. विषय समाजसुधारणा. भाषणं इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग अल्लंपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. सभागृहात लोक हसले, टाळ्या पिटल्या, हुर्यो उडवली. त्यांना बोलू दिलं नाही.

थोडं थांबून विचार करू. निम्म्या राज्याची भाषा. सभा चालली आहे त्या मातीची भाषा. आणि हुर्यो उडवणाऱ्यांत आपले मराठी लोक होते. ज्यांनी स्वतः उर्दूच्या राज्यात "आमच्या भाषेला जागा द्या" म्हणून शाळा काढली, त्याच शाळेच्या आवारात. सुधारणेच्या परिषदेत, कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली!

त्या अपमानानंतर तेलुगू मंडळी एकत्र बसली, आणि १२ नोव्हेंबर १९२१ ला आंध्र जनसंघम् स्थापन झाला. त्यात माडपाटी हनुमंतराव होते, बूर्गुला रामकृष्णराव होते. बूर्गुला पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, मराठी जाणणारे. पुढं तेच हैद्राबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. १९३० मध्ये जोगीपेटला पहिली आंध्र महासभा भरली. आपली महाराष्ट्र परिषद त्यानंतर, १९३७ मध्ये, परतूरला. म्हणजे एका सभागृहातल्या हशानं एका भाषेच्या लोकांना जागं केलं. तेलंगणाच्या इतिहासात हा प्रसंग पहिल्या पानावर असतो. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात तो फारसा सांगितला जात नाही. आम्ही स्वतः तो एका तेलुगू मित्राकडून पहिल्यांदा ऐकला, आणि तेव्हा आमची पस्तिशी उलटली होती.

ऐकलं तेव्हा आम्हाला आमचाच एक तास आठवला. आम्ही नव्यानं प्राध्यापक झालो होतो. कॉलेजचं नाव नको. सीमेवरच्या एका खेड्यातला, घरी कन्नड बोलणारा मुलगा उत्तर द्यायला उभा राहिला. "तो नदी" म्हणाला. वर्ग हसला. आम्हीही हसलो. मुलगा बसला, आणि वर्षभर पुन्हा उठला नाही. त्याचं उत्तर बरोबर होतं की नाही, हे आज आम्हाला आठवत नाही. लिंग चुकलं होतं एवढंच आठवतं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे शोभलं नाही. हे आम्ही आज, इतक्या वर्षांनी, तुमच्यासमोर म्हणतो आहोत. तेव्हा म्हणायला हवं होतं.

भराचे दिवस आणि ओहोटी

१९२१ नंतरची तीसपस्तीस वर्षं हा या उपनगराचा भराचा काळ. "निजाम विजय" हे मराठी पत्र हैद्राबादेतून निघत होतं. १९३१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन हैद्राबादला भरलं, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. आपल्या शेजारच्या निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैद्राबादच्या मुलकी सेवेत गेले. उर्दू काव्य मराठीत आणलं, गोंडी आणि कोलामीचा अभ्यास केला. नरहर कुरुंदकर हैद्राबादेत शिकले, त्यांचे मामा नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. १९३८ ला उस्मानियातल्या वंदे मातरम् चळवळीत काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांत पी. व्ही. नरसिंहराव होते. ते नागपूरला जाऊन शिकले. या तेलुगू माणसानं पुढं हरिभाऊ आपट्यांच्या "पण लक्षात कोण घेतो" या कादंबरीचा तेलुगू अनुवाद केला. ही देवघेव नदीकाठच्या त्या चारपाच गल्ल्यांशिवाय झाली नसती.

मग सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शन. आणि १९५६ साली भाषावार प्रांतरचना. तिचा आनंद आमच्या घरात साजरा झाला, गूळ वाटला. मराठी माणूस मराठी राज्याच्या वाटेला लागला. यात गैर काही नव्हतं. पण बघा, बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडं. भालकी, औराद, बीदर कर्नाटकात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. आणि हैद्राबादचं मराठी उपनगर रेषेच्या त्या बाजूला राहिलं.

कोणी त्यांना हाकललं नाही. शाळा बंद पाडली नाही. तरी ओहोटी लागली. का? कारण वाट बदलली. आता दावा मुंबई हायकोर्टात, पुढं औरंगाबाद खंडपीठात. १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघालं, तेव्हा पोरं तिकडं शिकायला लागली. सरकारी नोकरांची वाटणी झाली, पुष्कळ जण बदली घेऊन आले. साहित्य परिषदेचं ठाणं औरंगाबादला हललं. देवणीचा माणूस काचीगुड्याला उतरेनासा झाला. पाण्याचा झरा आटला की विहिरीतलं पाणी एका दिवसात संपत नाही, पण उपसा चालूच असतो. तसं झालं.

कॅनडातली एक वस्ती

हे आपल्याकडंच घडलं असं नाही. ताडून पाहायला लांबचं एक उदाहरण घेऊ. कॅनडात विनिपेग शहर आहे. इंग्रजी बोलणारं. त्याच्या समोर रेड नदीच्या पूर्व काठावर सेंट बॉनिफास नावाचं उपनगर आहे, ते फ्रेंच बोलणारं. १८१८ साली प्रोव्हेंशे नावाच्या पाद्र्यानं तिथं मिशन काढलं. मूळ रहिवासी आणि फ्रेंच यांच्या मिश्र वंशाचे मेटी लोक तिथं राहत. त्यांचा पुढारी ल्युई रिएल, त्याची समाधी तिथल्याच चर्चच्या आवारात आहे. १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला तेव्हा इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींना कायद्यात जागा होती. पण इंग्रजी बोलणारे इतके येऊन वसले की १८९० मध्ये प्रांतानं फ्रेंच काढून टाकली.

पुढची गोष्ट गमतीची आहे. १९७६ साली सेंट बॉनिफासच्या जॉर्ज फोरे या विमा एजंटाला गाडी चुकीच्या जागी उभी केल्याची दंडाची पावती आली. फक्त इंग्रजीत. तो म्हणाला, मला फ्रेंचमध्ये द्या. दंड काही डॉलरचा, भांडण तीन वर्षांचं. (हशा) १९७९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १८९० चा तो कायदाच बेकायदेशीर होता. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी.

१९७२ मध्ये सेंट बॉनिफास विनिपेगमध्ये विलीन झालं. आज तिथंही फ्रेंच बोलणारे अल्पसंख्य आहेत. पण कॉलेज होतं त्याचं विद्यापीठ झालं, दवाखाना आहे, नाटक आहे, कायदा आहे. आमचा मुद्दा असा : लोकसंख्या घटली तरी वस्तीची भाषा टिकू शकते, ती बोलायचं एखादं सार्वजनिक ठिकाण उरलं तर. केवळ घरात ठेवलेली भाषा दोन पिढ्यांत पाहुण्यांची होते. आजी आली की बोलायची, आजी गेली की मिटायची.

मोजायचं काय?

आता आमचा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. "मराठी वस्ती" म्हणजे नक्की काय? शंभर घरांपैकी शंभर मराठी असतील तर मराठी वस्ती. एक घर गेलं, तरी मराठीच. आणखी एक गेलं, तरी मराठीच. असं करत कितव्या घराला म्हणायचं की आता नाही? हा जुना कोडा आहे, धान्याच्या ढिगाचा. एकेक दाणा काढत गेलं तर ढीग कधी संपतो? उत्तर आकड्यात सापडत नाही.

जनगणनेला विचारा. आपली जनगणना विचारते, मातृभाषा कोणती? आणि तिची व्याख्या आहे : लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती. कॅनडाची जनगणना मातृभाषेबरोबर हेही विचारते की आज घरात कोणती बोलता. या दोन प्रश्नांची उत्तरं एकच येत नाहीत. काचीगुड्यातला साठीचा गृहस्थ पहिल्या प्रश्नाला "मराठी" म्हणेल. दुसऱ्याला कदाचित म्हणेल, बायकोशी मराठी, मुलाशी इंग्रजी, सुनेशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी. मग त्याला कुठल्या खान्यात घालाल? आमच्या मते चारही खान्यांत. खाना एकच ठेवला की माणसाचे तीन हिस्से बाहेर राहतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही काचीगुड्यात एक पत्ता शोधत होतो. पाटीवर मराठी आडनाव दिसलं म्हणून मराठीत विचारलं. गल्ल्यावरच्या मुलानं तेलुगूत उत्तर दिलं. आतून त्याच्या आजीनं ऐकलं आणि बाहेर येऊन विचारलं, "कुठले तुम्ही? उदगीरकडले काय?" आमच्या एका वाक्यावरून तिनं तालुका ओळखला. मग नातवानं दोघांना पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "बसा की." तेवढं त्याला येत होतं.

त्याच शहरात मराठी साहित्य परिषदेचं एक त्रैमासिक निघत आलं आहे, "पंचधारा". नावातल्या पाच धारा म्हणजे मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड, हिंदी. त्यात शेजारच्या भाषांतलं साहित्य मराठीत येतं. आम्हाला हे नाव फार मोलाचं वाटतं. १९२१ ला ज्या शहरात आपण तेलुगूची हुर्यो उडवली, तिथल्याच मराठी माणसांनी पुढं आपल्या मासिकाच्या नावातच तेलुगूला जागा दिली. त्यांची संख्या घटत होती तेव्हा दिली. मोठे असताना जे जमलं नाही ते लहान झाल्यावर जमलं. आपण देवणीचे लोक तर आता मोठे आहोत. या तालुक्यात बहुसंख्य आपण. तेव्हा परीक्षा आपली आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, मग प्रांतरचना चुकली असं तुमचं म्हणणं आहे का? सीमाभागातल्या ८६५ गावांचा दावा तर आपण अजून लढतो आहोत.*

नाही, चुकली असं आम्ही म्हणत नाही. अर्ज आपल्या भाषेत लिहिता यावा ही मागणी खरी होती. दावाही लढावा, कोर्टात. पण रेषा कुठंही ओढा, दोन्ही बाजूंना कोणी ना कोणी उरतंच. भालकीच्या मराठी शाळेला मास्तर मिळावा असं तुम्हाला वाटतं ना? मग आपल्याकडच्या उर्दू शाळेला मास्तर मिळतो का, कन्नड बोलणाऱ्या म्हातारीला तहसीलात कोणी समजून घेतं का, हेही बघावं. दोन्ही प्रश्न एकच आहेत.

*प्रश्न (एका विद्यार्थिनीचा) : सर, आमच्या तांड्यावर घरी गोरमाटी बोलतात. वर्गात तोंडून एखादा शब्द निघाला तर पोरं हसतात. म्हणून मी वर्गात बोलतच नाही. काय करावं?*

बाळ, तू आज एवढ्या लोकांसमोर उभी राहून बोललीस, हे आधी आम्ही ऐकलं. तुला काय करावं हे आम्ही सांगणार नाही, कारण चूक तुझी नाही. सांगायचं आहे ते इथं बसलेल्या गुरुजनांना आणि तुझ्या वर्गातल्या पोरांना. पाण्याला गोरमाटीत काय म्हणतात?

*("पाणीच म्हणतात सर," असं ती म्हणाली. हशा झाला, त्यात तीही हसली.)*

बघा. आता हे हसणं वेगळं आहे. उद्या वर्गात तिला एक शब्द विचारा, तिच्या घरातला. तिनं सांगितलेला फळ्यावर लिहा. परवा दुसऱ्या कोणाचा. आमच्या वर्गातल्या त्या मुलाला आम्ही एवढं विचारलं असतं, तर वर्षभर तो गप्प बसला नसता. वेळ झाली आहे, लांबच्या गावची मंडळी आहेत. थांबतो.